बुजवलेला खड्डा

काशाप्पा धनगराच्या घरात शिरलं की उजव्या हाताला चूल आणि डाव्या हाताला मागाचा खड्डा. खड्डा कमरेएवढा खोल, कडा शेणानं सारवलेल्या, आणि बसायची जागा तीन पिढ्यांच्या बुडानं गुळगुळीत झालेली. त्यात पाय सोडून काशाप्पा घोंगडी विणायचा. त्याचा बाप तिथंच बसायचा, बापाचा बापही तिथंच. हाटकरवाडीत अशी अकरा घरं आणि अकरा खड्डे होते. मिरगाआधी मुडबीच्या बाजारात जी काळी घोंगडी दिसायची, ती बहुतेक या अकरा खड्ड्यांतून निघालेली असायची.

या खड्ड्याचे दोन नेम होते. पहिला, बाईनं त्यात पाय टाकायचा नाही. लोकर पिंजायची बाईनं, सूत काढायचं बाईनं, ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची बाईनं. पण खड्ड्यात उतरायचं ते पुरुषानंच. दुसरा नेम असा की खड्डा बुजवायचा नाही. ज्या घरात विणणारा उरला नाही, त्याच घरचा खड्डा बुजवत. कुणाचा वंश खुंटला की 'त्याचा खड्डा बुजला' असं म्हणत, आणि भांडणात शिवी देतानासुद्धा हे शब्द बाया तोंडातून काढत नसत.

असला हा खड्डा म्हाळसाबाईनं बुजवायला लावला. घरच्या बाईनं, काशाप्पाच्या बायकोनं. पुढं ती साऱ्या जगावर चिडली ती खरीच, पण त्यातला निम्मा राग तिचा तिच्यावरच होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

कारण होतं काशाप्पाचे गुडघे. जन्मभर ओलसर खड्ड्यात पाय सोडून बसल्यानं ते गुडघे बेलफळासारखे सुजले होते. सकाळी उठताना तो भिंतीला धरून उठे आणि दातओठ खाई, पण तोंडातून आवाज काढत नसे. म्हाळसाबाई रुईची पानं तव्यावर गरम करून बांधायची. पानांनी काय होणार होतं? दिवसभर पुन्हा तोच खड्डा होताच.

जगातली मोठी लढाई संपली त्या साली शिमग्यानंतर घोंगडीवाल्यांच्या सोसायटीची निवड आली. अध्यक्षाला तिकडं हैदराबाद राज्यात सदर म्हणत. आजवर सरकारच सदर नेमायचं. या खेपेला पहिल्यांदाच लोकांनी हात वर करून निवडायचा होता. एका बाजूला ग्यानबा, यांच्यातलाच मेंढपाळ. तो एवढंच बोलला, "चराईच्या रानाचं बगतो. दुसरं मला काय येत न्हाई." दुसऱ्या बाजूला उद्धवराव. घरची जमीन, धान्याचा व्यापार, मोठी वखार, अंगात कोट. त्यांच्या हातून आयुष्यात लोकरीचा केस पिंजला गेला नव्हता, पण ते हैदराबादची नुमाइश, तिथलं मोठं प्रदर्शन, बघून आले होते.

मारुतीच्या पारावर उभं राहून त्यांनी हातानंच मशीन करून दाखवली. "झटक्याचा माग! दोरी वढली की धोटा आपसूक हिकडून तिकडं. दोन दिसाचं घोंगडं अर्ध्या दिसात. आन खड्डा न्हाई, बरं का. बाकावर बसायचं, साहेबासारकं. मला निवडा, दर घरात एक माग आणतो. जग कुठं जायलंय, आन तुमी अजून खड्ड्यातच!"

लोक हसले. बायका पाराच्या मागं उभ्या होत्या. त्यात म्हाळसाबाईला बाकीचं काही ऐकूच आलं नाही, तिच्या कानात 'बाकावर बसायचं' एवढंच शिरलं.

घरी आल्यावर काशाप्पा म्हणाला, "ती मशीन कापसाच्या सुताची असंल. आपली लोकर हाय. केसाळ सूत. ती मार खाईल का एवढा?"

"तुमाला काय कळतंय? तुमी बगितलाव का?"

"न्हाई बगितलो. पर धोट्याची चाल मला ठाव हाय."

"गुडघ्याची चाल ठाव हाय का? सकाळी भितीला धरून उटतावं ते? ग्यानबा काय देनार, मेंढराला गवत. तुमाला कोन गवत देतंय?"

दुसऱ्या दिवशी काशाप्पानं उद्धवरावांसाठी हात वर केला. त्याचा थोरला भाऊ सिद्धप्पा त्याच्याकडं बघत होता, त्यानंही केला. काशाप्पा वाडीतला पहिल्या नंबरचा विणणारा, त्याचा हात वर गेल्यावर बाकीचे कशाला खाली राहतात? उद्धवराव सदर झाले. गुलाल उधळला. म्हाळसाबाईनं घरात गूळ वाटला. तिची जाऊ बाणूबाई, सिद्धप्पाची बायको, म्हणाली, "म्हाळसे, तुज्या खंडोबानं आज वाडी जिकून दिली गं सदराला." म्हाळसाबाईला ते ऐकून गुदगुल्या झाल्या. पुढं हीच गोष्ट आठवली की तिच्या अंगाची लाही व्हायची.

पाडव्याला चार दिवस असताना सदरांचा निरोप आला, आणि मागोमाग सदर स्वतःच आले. दारातूनच त्यांनी आत डोकावलं. खड्ड्यात काशाप्पा, मागावर अर्धं घोंगडं.

"हे काय काशाप्पा? सरकारचा इन्स्पेक्टर येनार हाय जागा बगायला. पाच हात लांब, चार हात रुंद, सपाट आन कोरडी जमीन पायजे. हे असलं भगदाड बगून तो काय लिवनार?"

"मालक, माग येऊ द्या. आला की बुजवू."

"उलटं बोलायलास. जागा असंल त्याच घराला माग. जुना माग दिसला तर साहेब म्हणंल, ह्यांचं तर चालू हाय, ह्यांना कामून द्यायचा? मग मला बोल लावू नको."

ते गेले. काशाप्पा तीन दिवस खड्ड्यातच बसला. मागावरचं अर्धं घोंगडं त्यानं पुरं केलं. घट्ट विणीचं, काळंभोर, कडेला पांढऱ्या लोकरीची दोन बोटं पट्टी. असं त्याच्या हातून पाच-सहा वर्षांत झालं नव्हतं. म्हाळसाबाईनं ते पसरून बघितलं आणि म्हणाली, "हे इकायचं न्हाई. मैलारच्या खंडोबाला घालू." मग तिनं पुन्हा विषय काढला. काढला म्हणजे काय, उठता-बसता तीच टकळी. गरजवंताला अक्कल नसते, आणि नवऱ्याचं दुखणं बघणाऱ्या बाईइतकं गरजवंत कोण?

"देवाला मी सांगते. पाप लागलं तर मला लागंल," ती म्हणाली.

"पाप लागत न्हाई गं. खड्डा जातोय."

"जाऊ द्या की! पाय ऱ्हातील."

पाडव्याच्या दिवशी माग सोडला. लाकडं, फणी, विणलेलं गुंडाळायची तूर, सगळं आढ्याला बांधलं. म्हाळसाबाईनं ओढ्याकाठची पांढरी माती पाटीनं वाहिली आणि वरून टाकली. आत पाय टाकायची तिला मुभा नव्हती. काशाप्पा आत उभा राहून माती तुडवत होता. तेच सुजलेले गुडघे वर-खाली, वर-खाली. पाटीमागून पाटी पडत होती आणि तो मातीबरोबर वर येत होता. शेवटी जमिनीच्या बरोबरीनं येऊन उभा राहिला तेव्हा त्याला कुठं जावं तेच कळेना. घरात तो कायम खड्ड्यात तरी असायचा नाहीतर आडवा तरी. उभ्या काशाप्पाला त्या घरात जागाच नव्हती.

इन्स्पेक्टर आला, फितीनं जमीन मोजली, मान हलवून गेला. वाडीतले नऊ खड्डे बुजले होते. दोन राहिले ते ग्यानबाच्या भावकीचे. त्यांना लोक हसले.

मग वाट बघणं सुरू झालं. चैत गेला. लोकरीच्या सुताचे गुंडे कोपऱ्यात रचलेले, वर धूळ बसायली. आखिती झाली. ऊन असं की पाखरू झाडाखालून हलत नव्हतं. ताणा पसरायला, खळ वाळवायला हेच ऊन लागतं, आणि ते रोज फुकट तापून जात होतं. बाजारच्या दिवशी शेतकरी दारात यायचे.

"काशाअप्पा, मिरग आला की डोक्यावर. पावसात खोळीला घोंगडं?"

"माग यायलाय," काशाप्पा म्हणायचा.

"कुठनं?"

"हैदराबादहून."

तो शेतकरी दोन घरं पुढं ग्यानबाच्या भावकीत जायचा आणि घोंगडं खांद्यावर टाकून परत याच दारावरून जायचा. म्हाळसाबाई ते बघायची. तिला वाटायचं, उठावं आणि त्याच्या खांद्यावरचं घोंगडं ओढून खाली टाकावं.

घरात ज्वारी संपत आली तेव्हा काशाप्पा कामाला लागला. कुणाच्या? सदरांच्याच. त्यांच्या रानात धसकटं वेचायची होती. दिवसभर उकिडवं बसून सरकायचं. ज्या गुडघ्यांसाठी एवढं केलं, त्यांच्यावरच आता तो दिवसभर बसू लागला. संध्याकाळी येताना काठी घेऊन यायचा. बोटांना भेगा पडल्या. याच बोटांना पूर्वी सुताचा तुटका धागा अंधारातही सापडायचा. आता म्हाळसाबाई भेगांत तेल भरायची तेव्हा तिला ती बोटं दुसऱ्याचीच वाटायची.

"सदराला इचारा की, कवा येनार?"

"इचारलो."

"मग?"

"मनले, सरकारी काम हाय, तुज्या घरचं लगीन न्हाई."

तिनं तव्यावरची भाकरी अशी आपटली की तिचे दोन तुकडे झाले.

शेवटी माग आला. बैलगाडीतून आला आणि एकच आला. तो कुणाच्याही घरी गेला नाही. उद्धवरावांच्या वखारीत बसला. सदर म्हणाले, "एकदम सगळे कसे येतील? आदी हितं शिका पाळीपाळीनं. शिकला की घरी." आणि पहिला मान काशाप्पाला. त्यांनी सगळ्यांदेखत त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यानंच म्हाळसाबाईचा निम्मा राग विरघळला, इतकी ती अजून आशेला चिकटून होती. चिंचोक्याची नवी खळ तिनं कढवली, आपल्या हातच्या सुताचा ताणा नीट कुंच्यानं विंचरला आणि डोक्यावर घेऊन वखारीत गेली.

काशाप्पा बाकावर बसला. खरंच साहेबासारखा. त्यानं दोरी ओढली. धोटा खटकन पळाला, पलीकडं आपटला, परत आला. सगळे 'अरे वा' म्हणाले. चौथ्या-पाचव्या फेरीला ताण्याचे सात-आठ धागे एकदम तुटले. काशाप्पानं गाठी मारल्या. पुन्हा ओढली, पुन्हा तुटले. केसाळ सूत एकमेकांना धरत होतं, आणि धोटा त्यात घुसून फाडत होता. दुपारपर्यंत हातभर कापड झालं, त्यात धाग्यांपेक्षा गाठी जास्त. काशाप्पा दोरी सोडून बसला आणि हळूच म्हणाला, "मालक, हे कापसाचं हाय. लोकर एवढा मार खात न्हाई. मी आदीच—"

"माग चांगला हाय," उद्धवराव म्हणाले. त्यांनी वाकून तुटका धागा उचलला, दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला. "सूत बगा. हे सूत हाय का म्हशीची शेपटी? तुमच्या बायका सूत धड काढत न्हाईत, आन दोष मशीनीला. सुधारायचं तर आदी बायका सुधारा."

लोक हसले. परवापर्यंत याच लोकांच्या बायका आपल्या लेकींना 'म्हाळसाकाकूवानी सूत काढ' म्हणून सांगायच्या. म्हाळसाबाईच्या तोंडाशी शब्द आला होता. तिनं काशाप्पाकडं बघितलं. तो खाली बघून ताण्याची गाठ सोडवत होता, सोडवण्यासारखी ती गाठ नव्हती तरी. तिनं तो ताणा गोळा केला आणि घरी आली. चुलीपुढं बसली आणि बुजवलेल्या जागेकडं बघत राहिली. वरून सारवलेली, पाच हात लांब, चार हात रुंद. सपाट आणि कोरडी.

मिरगाला आठ दिवस उरले. ढग दुपारचे जमायचे आणि पांगायचे. अशा एका सकाळी सदरांचा माणूस आला. खात्याचा मोठा साहेब बिदरहून यायला निघाला होता, सुधारलेली सोसायटी बघायला. काशाप्पानं धुतलेलं धोतर नेसून मागावर बसायचं होतं.

"आन मालक मनले, तुमच्याकडं ते पांढऱ्या काठाचं घोंगडं हाय म्हणं. ते द्या. मागावर लावायचंय."

"कामून?" म्हाळसाबाईनं विचारलं.

"साहेबाला दिसाया पायजे की, मशीनीवर काय व्हतंय ते."

म्हाळसाबाईला समजायला थोडा वेळ लागला. काशाप्पा उठला, आढ्याखालच्या गाठोड्यातून त्यानं ते घोंगडं काढलं.

"देवाचं हाय ते!" ती म्हणाली.

"घंटाभराचं काम हाय. परत आणतो."

"तुमाला लाज न्हाई वाटत?"

काशाप्पा दारात थांबला. "मिरगानंतर पेरनीचं काम हाय त्यांच्याच रानात," तो म्हणाला. "लाज कुठं ठिवू, सांग. हितं खड्डा बी न्हाई."

तो काठी टेकत गेला. ती मागून अर्ध्या घटकेनं निघाली. डोक्यावरचा पदर तिनं कमरेला खोचला होता. वाटेत बाणूबाईनं हाक मारली, तिनं ओ दिली नाही.

वखारीच्या दाराला आंब्याचे टहाळे बांधले होते. आत खुर्चीवर मोठा साहेब, डोक्यावर लाल टोपी, हातात रुमाल. शेजारी उद्धवराव. समोर मागावर काशाप्पा. खंडोबाचं घोंगडं पुढच्या तुरीला गुंडाळून असं ताणलं होतं की जणू आत्ताच विणून निघतंय. काशाप्पा दोरी ओढत होता. धोटा खटखट पळत होता, पण त्यात सूतच नव्हतं. रिकामा धोटा हिकडून तिकडं, तिकडून हिकडं. साहेबानं काठावर हात फिरवला आणि म्हणाला, "बहोत खूब! बहोत उम्दा!" काशाप्पानं मान लववली. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

एवढी वर्षं ज्या माणसानं हातभर कापडात एक खोटा धागा घातला नाही, त्याला रिकामा धोटा ओढताना बघून म्हाळसाबाईचं डोकं फिरलं. ती सरळ आत गेली आणि मागावरचं घोंगडं तिनं ओढलं. लाकूड कडकडलं.

"हे खड्ड्यातलं हाय, साहेब!"

साहेबाला मराठी येत नव्हती. त्यानं सदरांकडं बघितलं. उद्धवराव हसून म्हणाले, "साब, ये कारीगर की औरत है. बोल रही है, मशीन आयी तो बहोत खुश हूँ."

म्हाळसाबाई मुडबीच्या बाजारात वीस वर्षं घोंगडी विकत आली होती. तिला दखनी येत होती, कानडी येत होती, आणि खोटं कोणत्याही बोलीत कळत होतं.

"नै साब! झूट बोलरें इनो. ये कंबल इस मशीन का नै. इस पे लोकर टूटती. ये हमारे घर के खड्डे में बुने सो है. मशीन आती बोल के खड्डा बुजा दिये. नौ घर का खड्डा बुजा दिये. अब मशीन बी नै, खड्डा बी नै!"

साहेबाच्या कपाळाला आठी पडली. त्यानं उद्धवरावांकडं बघितलं, मग तिच्याकडं. मग शांतपणे विचारलं, "बुजाने को किसने बोला था? कोई कागज है?"

कागद कुठला? निरोप होता. दारातून आत डोकावलेलं एक तोंड होतं. म्हाळसाबाईनं वळून लोकांकडं बघितलं. सिद्धप्पा होता, बाकीचे सात घरांचे होते. सगळ्यांच्या घरी येऊन सदर तेच बोलले होते. एकानंही मान वर केली नाही.

उद्धवराव हळूच म्हणाले, "आमी कुनाला बुजवा मनलो न्हाई. काशाप्पा, तूच सांग. तुला कुनी सांगिटलं?"

काशाप्पानं बायकोकडं बघितलं. एकदाच. त्या बघण्यात बोल नव्हता, तेच वाईट होतं.

"म्याच सांगिटले," म्हाळसाबाई म्हणाली. "मैंच बोली, साब. इनो नको नको बोलते थे. मैंच बुजायी."

साहेब हसला. कसल्याशा अडाणीपणाला हसावं तसा. त्यानं रुमालानं तोंड पुसलं आणि उद्धवरावांना काहीतरी म्हणाला. ते दोघंही हसले, आणि मग ते बघून लोकही हसले. चहा आला.

तिनं घोंगडं खांद्यावर टाकलं आणि ती बाहेर पडली. डोळ्यात पाणी आलं होतं, पण ते रडू नव्हतं. घरी येऊन तिनं घोंगडं खुंटीला टांगलं, कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि सारवलेल्या जागेच्या मधोमध पहिला घाव घातला. माती पाडव्यापासून बसून कडक झाली होती. हात झिणझिणले. तिनं दुसरा घातला, तिसरा घातला. वीतभर झालं, हातभर झालं. वरून खणता येईना, तेव्हा ती आत उतरली.

बाणूबाई दारात येऊन उभी राहिली. "अगं म्हाळसे! काय करायलीस? बाईचा पाय खड्ड्यात?"

"बाईनंच बुजवला न्हवं? तवा कुठं गेला हुता नेम?"

बाणूबाई तोंडाला पदर लावून उभी राहिली. मग ती गेली. थोड्या वेळानं तिच्या घरातूनही कुदळीचा आवाज यायला लागला.

ऊन कललं तेव्हा काशाप्पा आला. काठी दाराला टेकवून तो बघत राहिला. बायको गुडघ्याएवढ्या खड्ड्यात उभी होती, केसात माती, तळहाताला फोड. मिरगाचा ढग वर आला होता आणि घरात अंधारून आलं होतं.

"सदर मनले, पेरनीला येऊ नको," तो म्हणाला.

"बरं झालं." तिनं पाटी वर सरकवली. "ताणा हाय, खळ हाय. आठ दिसात चार घोंगडी व्हतील. लाकडं खाली काढा. आदी हितं बसा."

"म्हाळसे, खड्डा वला असंल. गुडघे..."

"ठाव हाय मला!" ती ओरडली. इतकी मोठ्यानं की स्वतःच दचकली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ठाव हाय. बसा."

काशाप्पा जुन्या कडेवर बसला. गुळगुळीत जागा मातीखाली तशीच राहिली होती. त्याच्या बुडाला ती लगेच सापडली. त्यानं दोन्ही हातांनी एकेक गुडघा उचलला आणि पाय आत सोडले. तळ लगेच लागला, पाय दुमडले, गुडघे वर आले. खड्डा अजून उथळ होता.

म्हाळसाबाईनं त्याचे दोन्ही पाय धरून एका बाजूला सारले, कुदळ उचलली आणि म्हणाली, "अजून हातभर."

आणि ती खणू लागली.